घोट्याची जखम आणि रक्ताची तपासणी

घोट्याच्या आतल्या बाजूला, हाडाच्या जरा वर, रुपयाएवढी जखम. कडा वर आलेल्या, भोवतीची कातडी काळपट, रात्री झोपू न देणारा ठणका. वय वीस-बावीस. अशी जखम महिनोन्‌महिने भरत नसेल, तर आणखी एक मलम आणण्याआधी रक्त तपासून घ्या.

पायाची जखम चिघळली की लातूर-नांदेडात आधी शुगर बघतात. बघावीच. पण माणूस तरणा आणि किनवट-माहूरकडचा असेल, तर सिकलसेलचीही शंका घ्यायला हवी. त्या डोंगरपट्ट्यातल्या आदिवासी समाजांत हा आजार पिढ्यान्‌पिढ्या आहे, इतरांतही आढळतो. यात तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, ताठर होते. एरवी 120 दिवस जगणारी ही पेशी 10 ते 20 दिवसांतच फुटते, म्हणून डोळे पिवळे दिसतात. घरचे कावीळ समजून ती उतरवायला नेतात! याच वाकड्या पेशी घोट्याजवळच्या बारीक रक्तवाहिन्या तुंबवतात. मग पऱ्हाटीचा साधा ओरखडाही पुरतो.

आपल्याकडच्या बऱ्याच रुग्णांच्या रक्तात लहानपणचं हिमोग्लोबिन जास्त टिकून राहतं. त्यामुळे असे व्रण इथे जमैकाइतके होत नाहीत. पण ज्याला होतो त्याचा हंगाम जातो, मजुरी बुडते.

जखमेवर चुना, तंबाखू, राख काहीही भरू नका. हे उपाय सुचवणाऱ्याला स्वतःला बहुधा कधी जखम झालेली नसते. पाणी उकळून गार करा, किंचित मीठ घाला, त्याने जखम धुवा. चिकटलेली पट्टी ओढून काढू नका, आधी भिजवा. बसताना पाय उशीवर ठेवा. शेतात बूट-मोजे घाला, आणि उन्हाळ्यात तहान लागायची वाट न बघता पाणी प्या.

सिकलसेलसाठी हायड्रॉक्सीयुरियाची गोळी चालू असेल तर नखांवर काळ्या रेघा उमटू शकतात. त्याला घाबरू नका. मात्र क्वचित ही गोळीच पायावर व्रण आणते. तेव्हा नवी जखम दिसताच डॉक्टरांना दाखवा; गोळी मनाने बंद करू नका, मनाने वाढवूही नका.

1 जुलै 2023 पासून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू आहे. सरकारी दवाखान्यात तपासणीबद्दल विचारा. आधी सोल्युबिलिटी चाचणी होते, ती पॉझिटिव्ह आली तर पक्की तपासणी. जाताना भावंडांनाही न्या. आईवडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक लेकराला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते.