कडी लागली की नाही?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. संगणकाच्या सुरक्षेवर ही काय बोलणार, असे काहींच्या मनात येईल. परंतु माझी थोरली मुलगी याच कामात आहे. तिला विचारून विचारून जे मला समजले, तेच आपल्यापुढे ठेवते.

या कामाला पेनिट्रेशन टेस्टिंग म्हणतात. बँक किंवा कंपनी आपणहून माणूस नेमते आणि सांगते, "आमच्या संगणकात शिरून दाखवा." शिरायला वाट कुठे सापडली, ते त्याने लिहून द्यायचे. मग चोर येण्याआधी ती वाट बुजवता येते. निजण्यापूर्वी आपण दाराची कडी ओढून पाहतो ना, तसेच हे.

याची गरज किती आहे, ते पुण्याच्या कॉसमॉस बँकेवरून कळते. १९०६ साली स्थापन झालेली ही सहकारी बँक. ११ आणि १३ ऑगस्ट २०१८ या दोन दिवसांत तिचे ९४ कोटींहून अधिक रुपये गेले. आपण एटीएममध्ये कार्ड घातले, की पैसे द्यावेत का, असे ते यंत्र बँकेला विचारते. चोरट्यांनी या विचारण्याच्या वाटेवर आपली खोटी यंत्रणा बसवली. बँकेला न विचारता तीच परस्पर "द्या" म्हणू लागली. नकली कार्डांनी भारताबाहेर २८ देशांतून पैसे काढले गेले. शिवाय जवळजवळ १४ कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात वळवले. या प्रकरणात पुण्याच्या न्यायालयाने २०२३ साली ११ जणांना शिक्षा दिली. एवढे घडले, पण तिजोरीचे कुलूप कोणी फोडले नाही. म्हणूनच संगणकाची कडी तपासणारी माणसे हवीत.

आता काही जणी विचारतील, चोर आणि हा तपासणारा यांत फरक काय? विद्या एकच, फरक लेखी परवानगीचा. आपल्याकडे २००० सालचा माहिती तंत्रज्ञान कायदा आहे. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात शिरले, तर भरपाई द्यावी लागते. लबाडीने शिरले, तर तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. "गंमत म्हणून शेजाऱ्यांचे वायफाय उघडले," असे मुलगा कौतुकाने सांगू लागला, तर आईने तिथेच थांबवावे.

शिक्षणाविषयी सांगायचे, तर आपल्या कोपरला जशी जलद लोकल थांबत नाही, तशी इथेही जलद गाडी नाही. संगणक एकमेकांशी कसे बोलतात, लिनक्स कसे चालते, प्रोग्राम कसा लिहितात, ही सगळी स्टेशने घ्यावीच लागतात. पुण्यात १९८८ साली सुरू झालेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेचा पदवीनंतरचा डिप्लोमा आहे. त्याला प्रवेश परीक्षा असते. ओएससीपी नावाची परीक्षा तर जवळजवळ चोवीस तास चालते. त्यात पाठांतर कामाला येत नाही. दिलेल्या यंत्रांत प्रत्यक्ष शिरून दाखवायचे आणि मग पुढच्या चोवीस तासांत अहवाल लिहायचा. माझी मुलगी त्यात एकदा नापास झाली आहे आणि पुन्हा बसणार आहे. आज ती पहाऱ्याचे काम करते, म्हणजे संगणकावर कुठे संशयास्पद हालचाल होते का, ते पाहते. पगार बेताचा आणि रात्रपाळी. पुष्कळांची सुरुवात अशीच होते.

गेल्या वर्षी एका स्थळाकडच्या बाईंनी विचारले, "मुलगी कुलपे फोडायला शिकते म्हणे?" बोलणी तिथेच थांबली. हे सोडून बँकेच्या परीक्षेला बस, असे तिचे वडील म्हणाले. दोन महिने बापलेकींचा अबोला होता. मी मात्र तिच्याच बाजूने राहिले. दुसऱ्याचे पैसे राखण्याचे काम हलके कसे?

भगिनींनो, आपल्यापैकी कोणाची लेक उद्या हे शिकते म्हणाली, तर लगेच नको म्हणू नका. दोनच गोष्टी विचारा: पाया पक्का करते आहेस ना? आणि ज्यांचे दार ठोठावतेस, त्यांची लेखी परवानगी आहे ना? दोन्हींना होय म्हणाली, तर तिच्या रात्रपाळीचा डबा आनंदाने भरून द्या.