विजेचे नकाशे कसे वाचावेत



विजेच्या उपकेंद्रात भिंतीवर एक मोठा नकाशा लावलेला असतो. उभ्या-आडव्या रेघा, काही वर्तुळे, काही चौकोन. पाहणाऱ्याला वाटते, हे इंजिनियरांचे काम. आपल्याला त्याचे काय? आमचे म्हणणे असे की, ज्याच्या घरी वीज आहे त्याला हा नकाशा निदान ओळखता यावा. तो चुकला, तर त्याची किंमत कधीकधी खांबावर चढलेल्या माणसाला प्राणांनी द्यावी लागते.

पहिली गोष्ट ही की, विजेचा नकाशा एकच नसतो. गावाचा भूमापनाचा नकाशा वेगळा आणि एस.टी.च्या मार्गांचा वेगळा, तसेच हे. प्रत्येक नकाशा एका प्रश्नाचे उत्तर देतो आणि बाकीचे मुद्दाम गाळतो.

सर्वांत नेहमीचा तो एकरेषी नकाशा. वीज तीन फेजच्या तीन तारांतून येते. पण तिन्ही तारांची वाट एकच, म्हणून तिघींच्या जागी एकच रेघ ओढतात. एकमेकांत अडकलेली दोन वर्तुळे म्हणजे रोहित्र, अर्थात ट्रान्सफॉर्मर. लहान चौकोन म्हणजे ब्रेकर. अनेक वाटा जिला येऊन मिळतात ती जाड रेघ म्हणजे बसबार. वीज कोठून येते आणि कोठे तोडता येते, हे यावरून कळते. अंतर मात्र कळत नाही; कागदावरची बोटभर रेघ जमिनीवर पन्नास किलोमीटर असू शकते.

आता आपल्या गल्लीतला डी.पी. घ्या. तो ११,००० व्होल्टचा दाब ४३३ व्होल्टवर उतरवतो. त्याचा तीनरेषी नकाशा काढला म्हणजे दिसते की, वरच्या दाबाची तीन वेटोळी त्रिकोणात जोडली आहेत, खालची ताऱ्यासारखी, आणि ताऱ्याच्या मध्यातून न्यूट्रल निघते. ही न्यूट्रल तुटली, तर एखाद्या घरात २३० ऐवजी ४०० व्होल्टच्या आसपास दाब जाऊन दिवे-पंखे जळतात. एकरेषी नकाशात या न्यूट्रलचा बहुधा पत्ताच नसतो.

तिसरा नकाशा नियंत्रणाचा. बटण दाबल्यावर कोणती कॉइल ओढली जाते आणि मोटर कशी सुरू होते, हे तो सांगतो. त्यातले संपर्क वीज नसतानाच्या स्थितीत काढण्याचा रिवाज आहे. कागदावर उघडा दिसलेला संपर्क प्रत्यक्षात उघडाच असेल, असे धरून चालू नये. चौथा नकाशा जोडणीचा. कोणत्या क्रमांकाची तार कोणत्या टर्मिनलला जाते, एवढेच त्यात. वायरमनचे काम त्यावर चालते.

आता मुख्य मुद्दा. लाइनमन एकरेषी नकाशा पाहून ब्रेकर उघडतो. नकाशाच्या हिशेबाने पुढची लाइन मेली. पण त्याच लाइनवरच्या एखाद्या इमारतीत कोणी जनरेटर आणून चेंजओव्हर स्विच न बसवता मेन बोर्डालाच जोडलेला असतो. ट्रान्सफॉर्मरला सुलटे-उलटे नसते. खालून वीज दिली की तोच ४३३ चे पुन्हा ११,००० करू लागतो. नकाशात जनरेटर नाही आणि तार मात्र जिवंत आहे!

म्हणून जाणत्या लाइनमनचा क्रम ठरलेला असतो: नकाशा पाहून बंद करणे, बंद केलेल्या जागी कुलूप घालणे, तार मेली आहे की नाही हे उपकरणाने तपासणे, कामाच्या दोन्ही बाजूंना अर्थिंग बांधणे आणि मगच हात लावणे. नकाशावर विसंबायचे ते पहिल्या पायरीपुरतेच.

आपल्याकडेही थोडे काम उरते. घरात, दुकानात जनरेटर असेल, तर परवानाधारक वायरमनकडून चेंजओव्हर स्विच बसवून घ्या आणि वीज कंपनीला त्याची खबर द्या, म्हणजे तो नकाशात उतरेल. कोणीतरी त्या कागदाच्या भरवशावर आपल्या दारापुढच्या खांबावर चढत असतो, एवढे ध्यानात ठेवावे, ही विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.