विल्सन, भांडारकर आणि वारली मुलूख

डहाणूकडच्या विवळवेढ्याला महालक्ष्मीच्या चैत्रातल्या यात्रेला आपण गेला असाल. वारली आदिवासींच्या याच मुलुखाशी दूरचा धागा असलेली एक व्याख्यानमाला मुंबई विद्यापीठात रंगली होती.

ती ज्यांच्या नावाने ओळखली जाते, ते जॉन विल्सन. स्कॉटलंडचे हे मिशनरी 1829 मध्ये मुंबईत आले, पुढे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. उत्तर कोकणातल्या वारली आणि कातोडी लोकांवरचा त्यांचा लेख 1843 मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. त्यांची दृष्टी मिशनऱ्याची, म्हणून तो लेख पारखूनच वाचायला हवा. तरी इतक्या लवकर कुणी या लोकांची नोंद घेतली, याचं मला फार मोल वाटतं.

विल्सन 1875 मध्ये वारले. दोनच वर्षांनी, 1877 मध्ये, त्यांच्या नावाने भाषाशास्त्रावरची व्याख्यानं झाली. वक्ते होते मालवणात जन्मलेले रामकृष्ण गोपाळ भांडारकर, याच विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांपैकी एक. सात व्याख्यानांत त्यांनी संस्कृत, पाली, प्राकृत, अपभ्रंश असा प्रवास करत मराठी, गुजराती, हिंदीपर्यंत शब्द आणि प्रत्यय कसे झिजत, बदलत आले ते दाखवलं. ही व्याख्यानं ग्रंथरूपात आली ती 1914 मध्ये.

डहाणू-तलासरीच्या बोलण्यात मराठी-गुजरातीची सरमिसळ रोज कानावर पडते. यात्रेच्या गर्दीत उभं राहून ती ऐकताना मला भांडारकरांची ती सात व्याख्यानं हटकून आठवतात.