दाढ दुखते तेव्हा : रूट कॅनॉलची वेळ कशी ओळखावी?

(सोसायटीतील ज्येष्ठ नागरिकांच्या बैठकीत केलेले भाषण)



इमारत जुनी झाली की आपण स्ट्रक्चरल ऑडिट करून घेतो. आपले दात तर इमारतीहून कितीतरी जुने! पण दुखल्याशिवाय त्यांचं ऑडिट कोणी करत नाही. माझ्या दोन दाढांचं रूट कॅनॉल झालंय, म्हणून कमिटीने हा विषय माझ्या गळ्यात घातला. मी डॉक्टर नाही, जन्मभर बँकेत खाती तपासली. तेव्हा डॉक्टरांकडे धाव कधी घ्यायची, एवढंच सांगतो. उपचार काय करायचा ते डॉक्टर ठरवतील.

दात बाहेरून दगडासारखा दिसला तरी आतून जिवंत असतो. वर कठीण कवच, त्याखाली जरा मऊ थर आणि मधोमध रक्तवाहिन्या व नसा असलेला गर. यालाच आपण ‘दाताची नस’ म्हणतो. ती बारीक नळीतून मुळाच्या टोकापर्यंत जाते. ही नळी म्हणजेच कॅनॉल. कीड आत पोचली की गराला सूज येते. दातात फुगायला जागा नसते, म्हणून एवढा ठणका लागतो.

आता दुखण्याचे तीन प्रकार लक्षात ठेवा.

पहिला : थंड किंवा गोड लागलं की कळ येते आणि काही सेकंदांत जाते. इथे गर बहुधा सावरू शकतो. कीड असेल तर फिलिंगवर भागतं; हिरड्या खाली गेल्या असतील तर उपाय वेगळा. पण दाखवायला हवंच.

दुसरा : चहाचा घोट पोटात गेला तरी दाढ कितीतरी वेळ ठणकतच राहते. काही न खाता-पिता आपोआप दुखू लागते. रात्री आडवं पडलं की वाढते, झोपेतून उठवते. कळ कानात, कपाळात जाते. वरची दाढ की खालची, तेही सांगता येत नाही. काहींना थंड पाण्याची चूळ तोंडात धरली तरच बरं वाटतं. अशा वेळी गर सहसा पूर्ववत होत नाही. रूट कॅनॉल करून दात वाचवायचा किंवा दात काढायचा, हेच दोन मार्ग बहुधा उरतात.

तिसरा सगळ्यात फसवा : आठ दिवस ठणकणारी दाढ एकाएकी शांत होते. आपण म्हणतो, लवंगेच्या तेलाने काम केलं! अहो, लवंगेने तात्पुरतं बधिर होतं, कीड जात नाही. पुष्कळदा आतली नस मेलेली असते, म्हणून कळ थांबते. कर्जदाराने फोन उचलायचं बंद केलं म्हणजे कर्ज फिटलं असं होत नाही. व्याज चढतच असतं. पुढे चावताना दुखतं, दात उंच झाल्यासारखा वाटतो, काळपट पडतो, हिरडीवर पुळी येते. पुळी फुटली की बरं वाटतं आणि पुन्हा भरते.

आपल्या वयाच्या मंडळींनी आणखी एक ध्यानात घ्यावं. वयानुसार दातातला गर आक्रसतो, त्यामुळे कळ कमी जाणवू शकते. म्हणून दुखत नसलं तरी ठरावीक काळाने तपासणी करावी.

अर्थात प्रत्येक दाढदुखी म्हणजे रूट कॅनॉल नव्हे. सर्दीत वरच्या दाढा एकदम दुखल्या तर सायनस असू शकतो. आणि लिफ्ट बंद असताना जिना चढताना जबडा दुखतो, थांबलं की राहतो, असं होत असेल तर आधी हृदयाच्या डॉक्टरांना दाखवा. सोबत घाम, छातीवर दाब, धाप असेल तर थेट हॉस्पिटल.

डॉक्टरांकडे जाताना चार नोंदी कागदावर करून न्या : कधीपासून दुखतं, कशाने दुखतं, किती वेळ टिकतं, रात्री वाढतं का. डॉक्टर दातावर टिचकी मारून, गार लावून पाहतात, एक्स-रे काढतात आणि मग ठरवतात. रूट कॅनॉलमध्ये इंजेक्शनने जागा बधिर करून सडलेला गर काढतात, नळी स्वच्छ करून रबरासारख्या पदार्थाने भरतात. दाढेवर नंतर सहसा कॅप बसवावी लागते. तेव्हा सांगितलेल्या खर्चात कॅप धरली आहे का, हे आधीच विचारा. बहुतेक मेडिक्लेममध्ये हा खर्च मिळत नाही. मुंबईत नायरचं दंत महाविद्यालय आणि सेंट जॉर्जच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय इथे कमी खर्चात उपचार होतात. फेऱ्या मात्र जास्त पडतात.

घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या मनाने घेऊ नका. ॲस्पिरिनची गोळी हिरडीवर ठेवू नका, हिरडी भाजते. मधुमेह असेल, रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा; गोळी स्वतःहून बंद करू नका. गालाची सूज डोळ्याकडे किंवा गळ्याकडे सरकली, ताप आला, तोंड उघडेना, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास झाला, तर सकाळची वाट न पाहता हॉस्पिटल गाठा.

शेवटचं. आपल्यापैकी पुष्कळजण ‘मुलांना कशाला त्रास’ म्हणून दुखणं अंगावर काढतात, एका बाजूने चावतात, पोळी दुधात कुस्करून खातात. मुलांनो, आजी-आजोबा अचानक मऊ भात मागू लागले तर विचारा त्यांना. आणि मंडळी, त्यांनी विचारलं तर ‘काही नाही रे’ म्हणू नका. दात वाचवता येण्यासारखा असतानाच सांगा.