फुली मारलेलं उत्तर

माझा भाचा डॉक्टरकीच्या शिक्षणासाठी चीनमध्ये होता. कॉलेजात इंग्रजीवर निभावतं, पण वॉर्डातल्या म्हाताऱ्याला 'कुठं दुखतंय' हे चिनीतच विचारावं लागतं. म्हणून त्यानं तिथल्या शाळकरी पोरांची भाषेची दोन पुस्तकं विकत घेतली, पहिलीचं आणि तिसरीचं. २०१९ साली परतला तेव्हा ती माझ्यापुढं ठेवून म्हणाला, "मामू, तुम्ही शब्दांतली माणसं. हे बघा." मला त्यातलं एक अक्षर वाचता येत नाही. मी चित्रं बघत होतो आणि तो सांगत होता.

तिकडं भाषेच्या विषयाला 'यूवन' म्हणतात. सदाचाराचा विषय वेगळा आहे. २०१६ पासून त्याचं नाव 'नैतिकता आणि कायदा' असं झालं. तरीही पोराला वळण लावायचं मोठं काम भाषेच्या तासाकडंच आहे. ही परंपरा जुनी. अकराव्या शतकातल्या चौ तुन-यी या विचारवंतानं लेखनाला गाडीची उपमा दिली होती. गाडी कितीही नटवली, पण तिच्यात सद्‌विचाराचा माल नसेल तर ती काय कामाची?

आता गाडीत माल भरायचा कसा, हा खरा प्रश्न.

त्यांच्या लिपीत तर तो आधीच भरलेला दिसतो. २०१७ च्या पहिलीच्या पुस्तकात पहिल्या धड्यालाच आकाश, जमीन आणि माणूस भेटतात. भाच्यानं मला 'शिन' हे चिन्ह काढून दाखवलं. डावीकडं माणूस, उजवीकडं बोल. माणूस आपल्या बोलाशेजारी उभा आहे, आणि अर्थ काय, तर विश्वास! आम्ही घरात 'जबान' देतो आणि बाहेर 'शब्द' देतो. दोन्ही पाळायचे असतात. चिनी पोराला हे अक्षर गिरवतानाच कळत असेल का? गिरवून गिरवून बोटं दुखत असतील, एवढं नक्की.

तिसरीच्या पुस्तकात सिमा क्वांगची गोष्ट आहे. हा १०१९ साली जन्मला आणि पुढं मोठा इतिहासकार झाला. धडा जुन्या अभिजात चिनीत, जेमतेम तीस अक्षरांचा. अंगणात पोरं खेळतायत, एक जण पाण्याच्या रांजणावर चढतो, पाय घसरून आत पडतो. बाकीची पोरं पळून जातात. क्वांग दगड उचलतो, रांजण फोडतो, पाणी बाहेर येतं, पोर वाचतं. संपलं. धाडस, प्रसंगावधान यांतला एकही शब्द धड्यात नाही. उचलणं, मारणं, फुटणं अशी नुसती क्रियापदं आहेत. मला त्या तीस अक्षरांचा हेवा वाटला. आपल्याकडं या गोष्टीखाली 'तात्पर्य' म्हणून चार ओळी आल्याच असत्या.

पण तिथंही सगळं असंच नाही. दुसऱ्या शतकातल्या खोंग रोंगची गोष्ट चिनी पोरांना पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. चार वर्षांच्या या मुलासमोर नासपतींची फळं ठेवली, तर त्यानं सगळ्यांत लहान फळ घेतलं. का? तर 'मी धाकटा, मोठी फळं मोठ्या भावांना.' आपल्याकडं बरोबर उलट असतं, "लहान आहे ती, दे तिला!" असो. २०१२ साली शांघायमध्ये पहिलीच्या भाषेच्या पेपरात प्रश्न आला : तू खोंग रोंग असतास तर काय केलं असतंस? एका मुलानं लिहिलं, मी फळ दिलं नसतं. शिक्षकांनी फुली मारली. वडिलांनी उत्तरपत्रिकेचा फोटो इंटरनेटवर टाकला आणि देशभर वाद पेटला. कुणी म्हणालं, संस्कार बुडाले. कुणी म्हणालं, पोरानं खरं सांगितलं तर त्याचे गुण का कापता?

मी त्या पोराच्या बाजूचा आहे. प्रश्न 'खोंग रोंगनं काय केलं?' असता, तर चूक-बरोबर ठरवता आलं असतं. 'तू काय केलं असतंस?' हे मुलाच्या मनाला विचारायचं आणि उत्तर गुरुजींच्या मनातलं मागायचं, यातून पोर एकच गोष्ट शिकतं : कुठं काय लिहायचं असतं.

मी ते फार लवकर शिकलो. चौथीत वाटून खाण्यावरचा एक धडा होता. 'यातून तुम्ही काय शिकलात?' या प्रश्नाला मी लिहिलं, की घरात काही आलं तर मी आधी धाकट्या बहिणीला देतो. पैकीच्या पैकी गुण. गुरुजींनी उत्तर वर्गात वाचून दाखवलं. आदल्याच दिवशी अब्बांनी आठवडी बाजारातून चार पेरू आणले होते. त्यातले दोन मी खाल्ले, एक माझा आणि एक तिचा. माझी भाषा तेव्हाही बरी होती, गुरुजींना शंकाही आली नाही.

हे भाषण लिहिताना बहिणीला फोन केला आणि पन्नाशीत पहिल्यांदा कबुली दिली. ती हसली. म्हणाली, "भाई, मला तेव्हाच कळलं होतं. तुझं उत्तर वाचून दाखवल्याचं तूच घरी येऊन सांगितलंस ना? मी अम्मीला म्हटलं, हा खोटं लिहून आलाय."

"मग? अम्मी काय म्हणाली?"

"म्हणाली, गुण मिळाले ना?"