लोखंडी इमारत आणि आपले वाडे
(संस्थेच्या वार्षिक समारंभात दिलेले व्याख्यान)



शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावर इमारतींविषयी बोलणारा माणूस थोडा वाट चुकल्यासारखा वाटतो. पण मी आयुष्यभर मोजमापाचे काम केले. ज्याला जे येते त्याने तेच बोलावे, म्हणून हा विषय घेतला आहे.

आरंभ घरापासून करतो. माझ्या नानांचा वाडा जुन्या नाशकात, चौक मंडईच्या मागच्या बाजूला होता. दगडी जोते, त्यावर सागवानी खांब, मध्ये छोटा चौक आणि वर मातीचे धाबे. उन्हाळ्याच्या दुपारी बाहेर अंगाची लाही होत असे, पण आत ओसरीवर चटई टाकली की डोळा लागे. एके वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर दारावर नोटीस लागली : इमारत धोकादायक, उतरवून घ्यावी. नाना तेव्हा हयात नव्हते. वारस चार ठिकाणी विखुरलेले, भाडेकरू तीन, आणि कोणाचे कोणाशी पटत नव्हते. वाडा उतरला. कोरलेले खांब वजनावर विकले गेले. भाव काय आला हे मला ठाऊक आहे, पण इथे सांगण्याची लाज वाटते. त्या लाकडाला कीड लागलेली नव्हती. कुजले होते ते फक्त खांबांचे बूड, तेही एका बाजूचे, जिथे शेजारच्या मोरीचे पाणी वर्षानुवर्षे मुरत होते. हे मी स्वतः पाहिले, पण वाडा उतरल्यावर. आधी पाहिले असते तर बरे झाले असते.

आता तुम्हाला मुंबईला नेतो. काळा घोड्याजवळ, न्यायालयाच्या शेजारी एक विलक्षण इमारत आहे. आज तिला एस्प्लनेड मॅन्शन म्हणतात, पण मूळ नाव वॉटसन्स हॉटेल. जॉन वॉटसन नावाच्या कापड व्यापाऱ्याने १८६७ ते १८६९ च्या दरम्यान ती उभी केली. उभी केली असे म्हणतो, बांधली असे म्हणत नाही, कारण तिचा सांगाडा ओतीव लोखंडाचा आहे आणि त्याचे भाग इंग्लंडात तयार होऊन जहाजाने मुंबईस आले. इथे फक्त जुळवाजुळव झाली. आराखडा रोलंड मेसन ऑर्डिश या अभियंत्याचा. लंडनच्या सेंट पँक्रास रेल्वे स्थानकाच्या प्रचंड छताच्या कामातही याच ऑर्डिशचा हात होता. ७ जुलै १८९६ रोजी याच हॉटेलात ल्युमिए बंधूंची हलती चित्रे दाखवली गेली. आपल्या देशात सिनेमा पहिल्यांदा दिसला तो इथे.

पुढे हॉटेल बंद पडले. खोल्यांच्या कचेऱ्या झाल्या, कचेऱ्यांचे आणखी तुकडे झाले. वकिलांची दालने, लहान दुकाने, गोदामे. ज्याला जागा कमी पडली त्याने पोटमाळा चढवला, ज्याला पाणी हवे होते त्याने नळ ओढला. मालकाला दुरुस्तीत रस नव्हता, कारण भाडे नाममात्र होते. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडी जिथे होती तिथेच गोठवली, आणि त्या भाड्यात रंगाचा डबाही आला नसता. भाडेकरू जागा सोडीनात, कारण इतक्या भाड्यात दुसरी जागा कुठे मिळणार? दोघांचेही म्हणणे खरे होते. मोडत होती ती इमारत.

ओतीव लोखंडाचा स्वभाव इथे समजून घेतला पाहिजे. डोक्यावरचा भार ते उत्तम पेलते, पण ते ठिसूळ असते. वाकत नाही, एकदम तुटते. सांध्यात पाणी शिरले की गंज चढतो, आणि गंज मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेत असल्यामुळे सांधा आतूनच फाकू लागतो. म्हणजे अशा इमारतीचा खरा शत्रू वय नव्हे, गळका नळ. नानांच्या वाड्यातही तेच घडले होते, फरक इतकाच की तिथे लोखंडाच्या जागी सागवान होते.

जुलै २००५ मध्ये या इमारतीचा पश्चिमेकडील काही भाग कोसळला. एका माणसाचा जीव गेला. त्याच वर्षी जगातल्या धोक्यात आलेल्या शंभर वारसास्थळांच्या यादीत तिचे नाव आले होते. यादीत नाव येणे आणि सज्जा पडणे, दोन्ही एकाच वर्षी! कागदाने छत गळायचे थांबत नाही. मुंबईत वारसा इमारतींसाठी १९९५ पासून नियम आहेत आणि ही इमारत त्यांत वरच्या श्रेणीत आहे. पण नियम तोडफोडीला अटकाव करतो, गवंड्याची मजुरी देत नाही.

२०१९ साली इमारत रिकामी करण्यात आली. मुंबईच्या आयआयटीने तपासणी करून ती पाडावी असा अभिप्राय दिला. त्यावर वारसा जपणारे वास्तुविशारद आणि अभियंते पुढे आले. प्रकरण उच्च न्यायालयात होतेच. तज्ज्ञांची पुन्हा पाहणी झाली आणि दुरुस्ती शक्य आहे असे मत पुढे आले. पाडापाडी टळली.

दोन्ही बाजूंना शिकलेली, प्रामाणिक माणसे होती, हे मी मुद्दाम सांगतो. मग उत्तरे वेगळी का आली? माझ्या अल्प समजुतीप्रमाणे प्रश्नच वेगळे होते. एकाने विचारले, ही सुरक्षित आहे का? दुसऱ्याने विचारले, ही सुरक्षित कशी करता येईल? पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी ‘नाही’ असेच होते. दुसऱ्याचे उत्तर शोधायला वेळ, पैसा आणि जुने बांधकाम ओळखणारा माणूस लागतो.

आता आपल्या नाशकाकडे या. मोगल अमदानीत या गावाला गुलशनाबाद म्हणत. सराफ बाजारातला पेशवेकालीन सरकारवाडा शासनाने संरक्षित स्मारक ठरवला आणि पुरातत्त्व खात्याने त्याच्या दुरुस्तीचे काम हाती घेतले, हे चांगलेच झाले. पण काझीपुरा, कोकणीपुरा, भद्रकालीच्या गल्ल्यांतले वाडे कोणत्याही यादीत नाहीत. त्यांच्यासाठी कोणी न्यायालयात जाणार नाही. तिथे राहणारी माणसे हातावर पोट असलेली आहेत आणि मुसळधार पावसाच्या रात्री त्यांना आढ्याकडे पाहत जागावे लागते. त्यांना ‘वारसा जपा’ असे सांगणारा मी कोण? भिंत खरोखर कलली असेल तर आधी माणसे बाहेर काढा, वाड्याचे नंतर पाहू. या बाबतीत माझे दुमत नाही.

माझी तक्रार दुसरीच आहे. आपण नोटीस येईपर्यंत वाड्याकडे पाहतच नाही. नोटीस आली की घाबरतो, नाहीतर बिल्डरची वाट पाहतो. तपासायला बोलावतो तो बहुधा सिमेंट-सळईच्या कामात मुरलेला. त्याला सागाचा खांब म्हणजे जुनाट लाकूड वाटते. खांबाला टोचा मारून पोकळपणा पाहणारा आणि बुडाचा कुजका तुकडा कापून तिथे नवा सांधणारा सुतार नाशकात अजून आहे, पण त्याला विचारणारे कमी झाले. धाब्यावरचे गवत मृगाआधी काढणे, पन्हळ मोकळी ठेवणे, मोरीचे पाणी जोत्यापासून दूर नेणे ही कामे काही हजारांत होतात. वारसांचे भांडण मात्र हजारांत मिटत नाही, हे मी घरच्या अनुभवावरून सांगतो.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्याकडून मला एकच काम हवे आहे. तुमच्या गल्लीतला एक वाडा निवडा. घरमालकाची आणि भाडेकरूंची परवानगी घ्या. बायामाणसांच्या दालनात विचारल्याशिवाय जाऊ नका. खांब किती, दोन खांबांतले अंतर किती, पाणी कुठे मुरते, कोणती तुळई झुकली आहे, हे वहीत उतरवा. घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाला विचारा की शेवटची दुरुस्ती कोणी केली. उद्या नोटीस आली तर त्या घराच्या हातात निदान ही वही असेल. नानांच्या वाड्याची अशी वही कोणाकडेच नव्हती. माझ्याकडेही नव्हती, आणि माझा तर धंदाच मोजण्याचा!

येत्या रविवारी सकाळी नऊ वाजता चौक मंडईत मी उभा असेन. मोजपट्टी माझ्याजवळ आहे. तुम्ही पेन्सिल आणि वही घेऊन या.