परगावी गेलेल्या शिष्यासाठी



वैनगंगेच्या काठावर, धानाच्या आणि तलावांच्या या भंडारा जिल्ह्यात भरलेल्या इस्लामी आणि ज्यू तत्त्वज्ञानावरच्या परिषदेत स्वागत समितीच्या वतीनं आपलं मनःपूर्वक स्वागत करतो. चक्रधरस्वामींच्या मागे घरदार सोडून निघालेले निळभट्ट भांडारेकर इथले. १९६९-७० च्या उत्खननात बौद्ध स्तूप उजेडात आले, ते पवनी इथलंच. वेगळ्या वाटेनं विचार करणारी माणसं या जिल्ह्याला नवी नाहीत.

तरीही ‘इस्लामी आणि ज्यू तत्त्वज्ञान भंडाऱ्यात कशाला?’ असं मला विचारलं गेलं. एवढंच सांगतो, की ही दोन तत्त्वज्ञानं वेगवेगळी वाचली तर दोन्ही अर्धीच हाती लागतात. इब्न रश्द आणि मायमोनिडीझ दोघेही बाराव्या शतकात कोर्दोबात जन्मले. एक काझी, दुसरा रब्बी. दोघेही वैद्य आणि दोघेही ॲरिस्टॉटलचे अभ्यासक. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’वरचं इब्न रश्दचं मूळ अरबी भाष्य आज उपलब्ध नाही. ज्यू पंडितानं केलेल्या हिब्रू भाषांतरामुळेच ते आपल्यापर्यंत पोचलं.

मायमोनिडीझचा धाकटा भाऊ डेव्हिड व्यापारासाठी निघाला आणि हिंदी महासागरात बुडाला. आपल्याच समुद्रात, मित्रांनो! त्या दुःखानं मायमोनिडीझ जवळजवळ वर्षभर अंथरुणाला खिळून होता. पुढे कुटुंबाचा भार वैद्यकीवर पेलत त्यानं ‘गाईड फॉर द पर्प्लेक्स्ड’ हा ग्रंथ लिहिला, तोही योसेफ नावाच्या, शिक्षण अर्धवट टाकून परगावी गेलेल्या शिष्याला उद्देशून. धर्मग्रंथ सोडवत नाही आणि बुद्धीही गहाण ठेवता येत नाही, अशा कोंडीत सापडलेल्या वाचकासाठी तो आहे. भाषा अरबी, लिपी हिब्रू. स्वतःचं मत मांडण्याआधी मुस्लिम धर्मचिंतकांचे युक्तिवाद त्यात एकेक करून तपासले आहेत. प्रतिपक्ष इतक्या बारकाईनं मांडणं मला फार मोलाचं वाटतं.

मराठीलाही हा विषय परका नाही. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ मराठीत लिहिला आणि बेने इस्राएल मंडळींनी ज्यू धर्मकथांवर मराठीतून कीर्तनं केली.

विद्यार्थिमित्रांनो, इथले निबंध तुम्हीच वाचायचे आहेत. अरबी-हिब्रू नावांचे उच्चार चुकतील या धास्तीनं कुणी मागे राहू नका. प्रत्येक निबंधानंतर प्रश्नांसाठी वेळ राखला आहे आणि संध्याकाळी उशिरापर्यंत सभागृह उघडं राहील. जेवणाची, मुक्कामाची काही अडचण आली तर थेट मला सांगा. आता अध्यक्षांनी परिषदेच्या कामकाजाला सुरुवात करावी, अशी विनंती करतो.